भिंतीजवळच्या महोगन्या

माहे बाबा भंडाऱ्याकडले, रेल्वेत खलाशी, थे रायपूरले आले अन् मी इथंच झाली, इथंच नांदली. तेलीबांध्याच्या पुढं एक नर्सरी हाय, तिथं आमचे हे माळी होते, मंग मीबी तिथंच लागली, पिशव्या भरायच्या, रोपायले पानी द्यायचं, काय सांगू ताई तुमाले, सारी जिंदगी मातीतच गेली.

माही पहिली पोट्टी नाव ठेवाच्या आधीच गेली. तान्हं लेकरू आमच्यात जाळत नाही, पुरतात, अन् मायले तिथं जाऊ देत नाही. तिच्या मनगटातला नजरेचा काळ्या मन्यायचा दोरा तेवढा मी सोडू देल्ला नाही. आमच्या याइनं तिले नर्सरीच्या भिंतीजवळ पुरलं, कुत्र्यायनं उकरू नाही म्हनून वर महोगनीचं रोप लावलं, अन् नेमकं कोन्तं थे मले वयखू येऊ नाही म्हनून तशी अख्खी लाइनच लावून टाकली. मी म्हनो, सांगा ना हो, कोन्तं? थे म्हनत, सांगतलं त तू तिथंच बसून राहाशीन, घर कोन पाहीन? लय जिद्दी मानूस! मरेपर्यंत सांगतलं नाही. मी आपली साऱ्याच झाडायले सारखं पानी टाकत गेली.

तुमी महोगनीचं फळ पाह्यलं काय? थे खाली लोंबत नाही, फांदीवर उभं राह्यते, लाकडाच्या लोटीसारखं. फागुनात पानं झडतात, झाड उघडं पडते, अन् थे फळं तेवढे उभे, वरून कोनी पाहून राह्यलं असं वाटते. वाळलं का बुडाकडून तडकते, टरफलं गळतात, मंग पंखाचं बी गरगर फिरत उतरते. लगेच तांबडी पालवी फुटते. मले त्या पालवीचं भेव वाटे, माह्या पोट्टीच्या तळपायाचा रंग तोच होता.

औंदा रस्ता रुंद कराले निघाले. झाडं कापनारा ठेकेदार भला मानूस, मी हात जोडले त म्हने, दीदी, एक छोड़ सकते हैं, कौन सा, आप बता दो. आता मी कोन्तं सांगू? बोंबलून रडली मी. मंग भर दुपारी एकटी त्या लायनीत गेली. हवा नावाले नाही. तिचं नाव मी मनात ठेवलं होतं, कोनालेच सांगतलं नव्हतं, तुमालेबी नाही सांगनार. एकेका झाडापुढं उभी राहून थे नाव घेत गेली. सारे चुपचाप. शेवटून दुसऱ्यापुढं हाक मारली अन् वर कट्‌कन वाजलं, फळ फुटलं, बी फिरत फिरत आलं थे सरळ माह्या पदरात. अंगावर काटा आला माय! उन्हानं तडकते, थे मले का समजत नाही? पन त्याच टायमाले काहून?

थेच ठेवा म्हनलं. बाकीचे कापले. मंग बुडखे काढाले मशीन आली, अन् मशीनवाला भैया मूठ झाकून माह्याकडं आला, दीदी, ये जड़ में फँसा था, आपका है क्या? काळे मनी. दोरा सडला होता, मनी तसेच. मी थे पदरात घेतले. तो खड्डा दाखवाले निघाला, मी म्हनलं, रहने दे भैया, मत दिखा.

म्हंजे माही पोट्टी दुसऱ्याच झाडाखाली होती. मंग त्या दुपारी मले ओ कोनं देल्ली, ताई? त्या भिंतीजवळ आमच्या पाऱ्यातले, मोहल्ल्यातले, अजून किती लेकरं पुरले असतीन, त्यायच्या मायायलेबी कोनी सांगतलं नसन.

थे मनी मी माह्या हातानं त्या उभ्या झाडाच्या बुडाशी पुरले. आता तिथंच पानी टाकते अन् थेच नाव घेते. कोनाची का असेना, मी हाक मारली अन् थे आली. आता तिले परत कशी धाडू?