बायकांचा वॉर्ड आता बाळंतिणींचा

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं धाकटे, तू! आज कशी काय आठवण झाली बहिणीची? सगळं ठीक ना?… थांब, थांब, काही ऐकू येत नाहीये. इथे फरशी कापताहेत… अहो मिस्त्री! जरा मशीन बंद ठेवा की! बहिणीचा फोन आहे… हां, बोल.

नाही गं, स्पीकर नाही बंद करता येत मला. ते बटण दाबायला सरळ बोट लागतं, ते कुठून आणू?… बरं बरं, बाहेर जाते. फोन दोन्ही तळव्यांत धरलाय, हळूहळू चालू दे… हं. आले व्हरांड्यात. इथे कुणी नाही.

आमचं काय विचारतेस! तू आलीस तर ओळखणार नाहीस. गेटवरची ‘कुष्ठधाम’ पाटी उतरवली. आता ‘सार्वजनिक रुग्णालय’, चांगल्या निळ्या अक्षरांत… भिंत? ती उंच भिंत पाडली की! एक्स-रेचं मशीन आलं. आणि गर्दी तर विचारू नकोस. अगं, ज्या लोकांनी जन्मात आमच्या नळाला हात लावला नाही, ते आता त्याच नळावर बाटल्या भरताहेत. माझा नंबर आधी म्हणून भांडतात… नाही गं, राग कसला? हसू येतं. दवाखाना हवाच होता. चांगलं झालं.

आम्ही? आम्ही राहिलोय मूठभर म्हातारी माणसं. परवा बस येणार आहे, वृद्धाश्रमात न्यायला. पार लांब आहे म्हणे… मी? मी नाही जात! मोठ्या डॉक्टरांनी मागच्या खोल्या ठेवल्यात ना, ज्यांना इथंच राहायचंय त्यांच्यासाठी. मी आणि बुटकी राहणार. माझ्या शेजारच्या खाटेवरची गं, विसरलीस? ती म्हणते, तारुण्य इथे गेलं, आता म्हातारपण कुठे उचलून न्यायचं!

आणि ऐक ना… आमचा बायकांचा वॉर्ड आहे ना, तो आता बाळंतिणींचा करताहेत. गुलाबी रंग देताहेत… हो. तोच वॉर्ड… जाऊ दे. तू बोल. चिमणी कशी आहे? दिवस भरत आले असतील ना?

काय? बाळ आडवं आहे?… मग फिरेल की अजून… नाही फिरणार म्हणतात?… अगं, होतात हल्ली ऑपरेशनं, घाबरू नकोस. कुठे करायचं ठरलं?… कुठे?

इथे?

आमच्या इथे?… हो, जावयाची बदली झाली म्हणाली होतीस, पण इतक्या जवळ… हो, बरोबर, आसपास ऑपरेशनची सोय इथेच झालीय… धाकटे! अगं, माझी चिमणी इथे येणार? त्याच वॉर्डात?… रडत नाही गं. हसतेय. ऐक, मी सिस्टरना सांगते, तिला खिडकीजवळची खाट द्या, तिकडे वारा छान येतो. आणि दुसरं म्हणजे ती उशी… काय?

काय म्हणालीस?

…हो. ऐकतेय.

नाही नाही, तिच्याजवळ नाही जाणार मी. तेवढी अक्कल आहे मला. मी आपली बाहेर बाकावर… अगं, इथे कितीतरी म्हाताऱ्या बसलेल्या असतात, त्यांतलीच एक. हात शालीत ठेवीन. शब्द बोलणार नाही… तिच्या सासूबाईंना काय कळणार? रोग जाऊन वर्षं लोटली गं!… हो. हो, कळतंय मला. ती तुझ्या पोटची नाही हे तिलाच माहीत नाही, मग तिकडे कळलं तर… हो, हो. अगं, मला काय समजावतेस? मीच दिली ना तुझ्या ओटीत? तेव्हा नियमच होता, मूल आत ठेवायचं नाही. तू धावत आलीस म्हणून ती अनाथाश्रमात गेली नाही. ते मी विसरेन का? आमचे हे गेले, मी इथे एकटी पडले, तेव्हाही मी तिला परत मागितली नाही. कधी मागितली का, सांग?

मग एकदा लांबून बघितलं तर काय बिघडतं?

…चेहरा? कुणाचा चेहरा?

माझ्यासारखा?

अगदी?… कपाळ पण?… आणि हसताना… अगं बाई! इतक्या वर्षांत हे एकदा नाही सांगितलंस मला? म्हणून फोटो पाठवत नव्हतीस?… नको, तू रडू नकोस. अगं ऐक ना… म्हणजे आम्हा दोघींना कुणी एका जागी बघितलं की… हो. सासूबाईंच्या लगेच ध्यानात येईल. तिच्या स्वतःच्याही येईल.



कधी आणणार तिला?… सोमवारी. बरं.

मग जाते मी… हो, परवाच्या बसनं. डॉक्टरांना सांगते, माझं नाव घाला म्हणून… नाही, नुसतं खोलीत बसून राहणं नाही जमायचं मला. ती भिंतीपलीकडे असताना? नाही गं. त्यापेक्षा लांब गेलेलं बरं… बुटकीला काय सांगू तेच कळत नाही. चिडेल, बोलायची नाही माझ्याशी… उपकार कसले त्यात! तुझ्यावर राग नाही माझा.

…थोडा आहे. जाईल.

कोण हाक मारतंय तुला? ती उठली का?… नको, नको, आत्ता नको देऊस फोन, माझा आवाज… धाकटे, नको ना…

हॅलो… हो गं, मावशीच… काही नाही, जिना चढून आले, दम लागलाय. कशी आहेस बाळा?… भीती वाटते? वाटणारच गं. पण तो दवाखाना चांगला आहे म्हणतात. डॉक्टरांचा हात हलका आहे… ऐकलंय कुणाकडून तरी… पूर्वी? पूर्वीही दवाखानाच होता तिथे. वेगळा.

मी? नाही गं जमणार यायला. प्रवासाला निघालेय… लांब. आधीच ठरलं होतं.

काय विचारलंस?… तू झालीस तेव्हा? का, आई काही सांगत नाही?… होते ना. मी तिथेच होते… दुपार होती. जावळ केवढं होतं तुला! आणि आधी रडलीच नाहीस, शिंकलीस. वॉर्डातल्या सगळ्या बायका हसायला लागल्या… आईनं? आईनं तुला छातीशी धरलं आणि खिडकीशी नेलं, उजेडात बघायला. बोटं मोजली तुझी. हातांची, पायांची. मग पुन्हा मोजली… वेडी नाही गं, आई होती. संध्याकाळपर्यंत कुणाच्या हातात दिलं नाही तिनं तुला.

मग?… मग दिलं.

हो, रडली की. रडतात गं बायका अशा वेळी.

तूसुद्धा तसंच कर हं. गुंगी उतरली की आधी बाळ माग. कुशीत घे, पोटभर बघ. कुणी घाई करू दे, काही म्हणू दे, तू ऐकू नकोस. तुझं मन भरेपर्यंत देऊ नकोस कुणाला… नाही गं, रडत नाहीये. हो, आईला सांग मला कळवायला. काहीही होऊ दे, मुलगा, मुलगी… हो.

चल, पाय वर घेऊन पड जरा. ठेव फोन… नाही बाळा, आधी तू ठेव. माझ्याच्यानं नाही ठेववत.

…

ठेवला.