लेकीच्या पापण्या

आई गेल्यापासून ती पहिल्यांदाच प्रसाधनांच्या दुकानात आली होती. रांगेत तिच्यापुढे एक मायलेकींची जोडी होती. त्यातल्या आईने डोक्याला रुमाल घट्ट बांधला होता आणि ती विक्रेतीशी बोलत होती.

“पापण्या दाट दिसतील असा मस्कारा द्या.”

“मावशी, त्याला आधी पापण्यांना केस हवेत ना. ते आले की या.”

“खोट्या चिकटवल्या तर?”

“आई, डॉक्टरांनी गोंद नको म्हणून बजावलंय.”

“चांगल्या लांबसडक होत्या हो माझ्या. पण ह्यांना नटणं खपायचं नाही. ते गेल्यावर लोकांच्या भीतीनं राहिलं. आता औषधांनी पापण्याच नेल्या.”

“येतील गं परत.”

“डॉक्टर ‘बघू’ म्हणाले. ‘येतील’ नाही म्हणाले. अहो, हिच्या पापण्या माझ्यावर गेल्यात. हिला लावा.”

“मला कशाला?”

“बस त्या स्टुलावर. एवढी घोडी झालीस, तरी वाद घालतेस.”

“ताई, वर बघा. पापणी हलवू नका.”

मायलेकींच्या मागे उभ्या असलेल्या तिच्या पाठची बाई चुळबुळ करू लागली, तेव्हा तिने त्या बाईला हातानेच थांबवलं.

“आई, झालं समाधान?”

“रडू नकोस गं, पसरेल. मी कशी दिसले असते, ते बघू दे जरा.”