कोल्बीचं नाव निघालं

...नाही, पण मला एक सांगा, टीव्हीवर फुटबॉलची, म्हणजे आमच्या अमेरिकेतल्या हातानं खेळायच्या फुटबॉलची, मॅच बघताना बॉलकडे अजिबात न बघणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय? नाही ना? मग बघून घ्या, हा तुमच्यासमोर उभा आहे! बॉल गेला खड्ड्यात! जिकडे बॉल नसतो ना, तिकडे बघतो मी. तिकडे पाच डोंगर पोटं पुढे काढून ओणवे उभे असतात, त्यातला डावीकडून दुसरा डोंगर, तो आमचा कोल्बी स्विटाक! माझा सख्खा भाचा! आणि बाहेरगावची गिऱ्हाइकं मला विचारतात काय? परवा एक बाई सॉसेज घ्यायला आली, म्हणाली, "काय हो डेल, तुमचा भाचा मोठ्या लीगमध्ये खेळतो म्हणे, तो बॉल फेकतो का?" म्हटलं, नाही. "मग झेलतो?" नाही. "मग बॉल घेऊन पळतो?" अहो बाई, तो पळाला तर तुमच्या घरातल्या बशा खाली येतील! "मग करतो तरी काय?" म्हटलं, मागे बॉल फेकणारा जो देखणा प्राणी उभा असतो ना, त्याला चिरडायला समोरून जे राक्षस येतात, त्यांना आडवा जातो. बॉलला हातसुद्धा लावायचा नाही! तर ती म्हणते, "असं होय..." आणि ते 'असं होय' असं काही म्हणाली की जणू पोराला पोलिसांनी धरून नेलंय!

आता तुम्हाला सांगतो, मी वेलिशचा खाटीक. वेलिश म्हणजे नेब्रास्कातलं, शिंक दिली तर दुसऱ्या टोकाचा माणूस 'देव भलं करो' म्हणेल एवढं गाव. दिवसा डुकरं कापतो आणि संध्याकाळी शाळेच्या टीमच्या पुढच्या फळीला शिकवतो. फळी म्हणजे तेच, पोटं पुढे काढून उभे राहणारे. तर कोल्बी फळीत आला त्या पहिल्याच दिवशी मी त्याला बाजूला घेतलं, म्हटलं, बाबा रे, या कामात एकच लक्षात ठेव. आपलं नाव कधी घेतात? चुकलो तरच घेतात! तेव्हा नाव निघालं नाही, की काम चोख!

आणि पोरानं ते इतकं मनावर घेतलं, इतकं मनावर घेतलं, की शाळा संपली, कॉलेज संपत आलं, तरी माइकवरून एकदा म्हणून त्याचं नाव निघालं नाही! मला कोण आनंद! पण माझी बहीण मार्सी... कोल्बीची आई हो... ती दर सामन्याला गोधडी पांघरून लाकडी बाकावर कुडकुडत बसायची आणि मग माझ्या दुकानात येऊन भडकायची. "डेल, त्या हॅवलिकबाईचा पोरगा, काडीसारखा! बॉल घेऊन चार पावलं पळतो आणि पडतो, की लगेच माइकवर नाव! आणि तो पळतो कुणाच्या जिवावर? माझ्या पोराच्या! मग माझ्याच पोराचं नाव घ्यायला काय जीभ झडते यांची?" मी म्हणायचो, अगं मार्सी, नाव निघालं नाही, की काम चोख! तर म्हणायची, "तुझं चोख बिख घाल चुलीत. मी मरायच्या आत एकदा, फक्त एकदा, सगळ्या मैदानासमोर माझ्या पोराचं नाव ऐकायचंय मला!"

घ्या! आईच ती, तिला काय समजावणार?

बरं, कॉलेज कसलं म्हणाल तर हे एवढंसं. मैदानाच्या तिन्ही बाजूंनी मका आणि चौथ्या बाजूला पार्किंग. मोठ्या टीमचे लोक पोरं हेरायला फिरतात ना, ते आमच्याकडे कशाला येतील? एकदा एक आला होता, तर तो रस्ता चुकलेला निघाला! त्यात कोल्बी हलका. हलका म्हणजे तुमच्या-माझ्यासारखे दोघं बसतील त्याच्यात, पण मोठ्या लीगला तेवढंही पुरत नाही, तीनशे पौंडांच्या खाली तिथं दारात उभं करत नाहीत. झालं! मार्सी हात धुऊन त्याच्या पोटाच्या मागे लागली. सकाळी अंड्यांची अख्खी पेटी, दुपारी पोर्क आणि उकडीचे डम्पलिंग, आणि मधे मधे कोलाचे, म्हणजे सारण भरलेले गोड पाव... जर्दाळूचे, खसखशीचे, परातीच्या पराती! आणि वजन कुठं करायचं? घरचा काटा तर 'मला माफ करा' म्हणून केव्हाच मोडलेला. मग माझ्याकडे यायचा, दुकानात, जनावरांच्या काट्यावर! मी डुक्कर उतरवायचो, कोल्बी चढायचा. गिऱ्हाइकं टाळ्या वाजवायची!

मग आला निवडीचा दिवस. म्हणजे दिवस कसला, तीन दिवस! देशभरातल्या टीम एकेक करून पोरांची नावं पुकारतात आणि ते टीव्हीवर दाखवतात. मार्सीच्या घरी सगळा गोतावळा. केकवर 'अभिनंदन कोल्बी' लिहून तयार. कोल्बीचा एजंट ट्रेंटही आलेला, जो एरवी पिकांना गारपिटीचा विमा विकतो... अहो, खरंच! तो म्हणत होता, "निघणार, नाव निघणार, माझा शब्द!" पहिला दिवस गेला. दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळ झाली, नावांमागून नावं, कुठकुठली पोरं, आणि आमचं? नाही! टीव्हीवाले 'धन्यवाद' म्हणून उठूनसुद्धा गेले! ट्रेंट खिडकीतून ढग बघतोय, मार्सी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी आपटतेय, आणि कोल्बीनं काय करावं? काटा-चमचा घेतला, केक पुढे ओढला, आणि खायला लागला. एकटा. अर्धा केक संपल्यावर माझ्याकडे बघून म्हणतो, "मामा, नाव निघालं नाही... म्हणजे काम चोख, ना?"

काय सांगू तुम्हाला! एवढा मोठा देह, आणि ओठ थरथरतोय लहान पोरासारखा.

पण देव काय झोपलेला नसतो! टीव्ही बंद केला आणि तासाभरात फोन! एका मोठ्या टीमचा फळीचा कोच, आवाज असा की खडीच्या रस्त्यावरून ट्रॅक्टर चाललाय. "स्विटाक? शिबिराला ये. वचन काही देत नाही. बूट घेऊन ये." बस्स! फोन बंद! अहो, आम्ही असे नाचलो, असे नाचलो, की मार्सीच्या घराची फरशी अजून एका बाजूला कलंडलेली आहे!

शिबिरात बघतो तर नव्वद जण, आणि ठेवणार निम्म्याच्या जरा वर. कोल्बीच्या खोलीत डिमेट्रियस म्हणून लुइझियानाचा एक पोरगा, त्याचंही नाव कुणी पुकारलेलं नाही. दोघे उन्हात दिवसभर एकमेकांना ढकलायचे आणि संध्याकाळी एकमेकांच्या पाठीला बर्फ लावायचे. उन्हाळा संपत आला आणि आला छाटणीचा मंगळवार! आता ही छाटणी कशी, तर दुपारी चारपर्यंत ज्याला काढायचंय त्याला टीमचा फोन येतो, 'वर ये, डावांचा टॅब घेऊन ये.' टीमचे सगळे डाव त्या टॅबमध्ये, तो परत मागितला की संपलं, घरी जा! आणि फोन नाहीच आला, तर राहिलास! म्हणजे पुन्हा तेच, नाव निघालं नाही, की काम चोख!

म्हणून मी गावभर फिरून बजावलं, त्या दिवशी कोल्बीला फोन करू नका! हात जोडतो, करू नका! मोबाइल वाजला की पोराचं काळीज बंद पडेल! सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि आमचे फादर क्लेमेंट... त्यांना ऐकू कमी येतं, हे मी विसरलो. त्यांनी रविवारी प्रार्थनेनंतर उभं राहून काय सांगावं? "मंगळवारी आपल्या कोल्बीची परीक्षा आहे. प्रत्येकानं त्याला फोन करून धीराचा एक शब्द सांगावा!" आणि नंबर? नंबर चर्चच्या पत्रकात छापला हो, ठळक अक्षरात!

आता मंगळवारची सकाळ डोळ्यासमोर आणा. कोल्बी पलंगाच्या काठावर, पायाशी बॅग, मांडीवर टॅब, हातात फोन. वाजला! पोरगा ताडकन उभा, बॅग खांद्यावर, फोन कानाला... "कोल्बी बाळा, मी ग्लॅडिस! चर्चच्या तळघरात कॉफी देते ना, ती! जेवलास का रे?" बॅग खाली. पुन्हा वाजला! बॅग वर! "काय रे पैलवान, घाबरला नाहीस ना? इकडे मका मस्त आलाय यंदा!" बॅग खाली. पुन्हा! बॅग वर! "कोल्बी, हॅवलिककाका बोलतोय, तुझ्या मामानं फोन करू नका म्हणून सांगितलं होतं, तेच विचारायला फोन केला, का बरं करायचा नाही?" आता काय डोकं आपटावं? बरं, फोन बंदही करता येईना, टीमचा आला आणि उचलला नाही तर?

डिमेट्रियसचा फोन मात्र एकदाच वाजला. एकदाच. त्यानं बघितलं, टॅब उचलला, कोल्बीला घट्ट मिठी मारली, म्हणाला, "भावा, खाली वाकून उभा राहा, फार लवकर वर उठतोस तू," आणि गेला. एवढंच. कोल्बी भिंतीकडे तोंड करून रडला, आणि रडता रडता फादर क्लेमेंटचा फोन घेतला. त्यांनी प्रार्थना म्हटली, अख्खी!

आणि चारला थोडा वेळ असताना पुन्हा वाजला. नंबर टीमचा. टीमचा! "स्विटाक? खाली सामानाच्या खोलीत ये." कोल्बी गेला हो! बॅग घेऊन, टॅब घेऊन, जिन्यात मला फोन करून, "मामा, संपलं, मला घ्यायला ये" असं सांगून! मी सुरी खाली ठेवली, एप्रनसकट गाडीत बसलो, चावी फिरवली, तर फोन. "मामा... मामा, येऊ नकोस!" का रे? "हेल्मेटचं माप घ्यायला बोलावलं होतं! म्हणाले, तुझं डोकं फार मोठं आहे, हंगामभर हे घट्ट हेल्मेट चालणार नाही! हंगामभर म्हणाले, मामा!" मी गाडीतच स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडलो. हॉर्न दाबला गेला, तो कितीतरी वेळ वाजत होता.

मग आली ती मॅच! सगळा गाव माजी सैनिकांच्या हॉलमध्ये, मोठ्या पडद्यासमोर. पुढच्या रांगेत मार्सी, शेजारी फादर. कोल्बी बाकावर बसलेला, आम्ही बाकाकडेच बघतोय. आणि दुसऱ्या भागात त्यांच्या नेहमीच्या खेळाडूचा घोटा मुरगळला... देवा, क्षमा कर, आम्ही टाळ्या वाजवल्या... आणि चौसष्ट नंबरचा डोंगर मैदानात! काय खेळला, काय खेळला! समोरचा राक्षस आला की धाड, आला की धाड! मी पडद्याला बोट लावून ओरडतोय, "बॉलकडे बघू नका, इकडे बघा, इकडे!" पण समालोचकांचं आपलं 'काय फेकला, काय झेलला', त्याचं नाव नाही. मार्सीच्या हातातला रुमाल पिळून पिळून दोरी झाली. मी म्हटलं, मार्सी, नाव निघालं नाही...

"गप्प बस!"

आणि शेवटच्या मिनिटांत आमच्या टीमचा माणूस बॉल घेऊन पार टोकापर्यंत पळाला, गुण झाला, स्टेडियम डोक्यावर! आणि तेवढ्यात... जमिनीवर रेफ्रीनं टाकलेला पिवळा रुमाल. फाऊल! रेफ्री मधोमध येऊन उभा राहिला, माइक चालू केला, आणि सबंध देशासमोर म्हणाला, "समोरच्याला धरून ठेवणे. नंबर चौसष्ट. गुण रद्द. दहा यार्ड मागे!" आणि समालोचक म्हणाला, "हा कोल्बी स्विटाक, नवा पोरगा, नेब्रास्कातल्या छोट्याशा कॉलेजचा..."

मी डोळे मिटले. मेलो, म्हटलं!

आणि हॉलमध्ये काय झालं? छप्पर उडालं! मार्सी खुर्चीवर चढली, "घेतलं! नाव घेतलं! माझ्या पोराचं!" फादर क्लेमेंट, ज्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं, ते सगळ्यांत जोरात ओरडत होते! ग्लॅडिसनं मला कॉफीसकट मिठी मारली! आणि हॅवलिक, अग्निशमनाच्या पथकात आहे ना तो, धावत जाऊन गावाचा भोंगा वाजवून आला! तो भोंगा वाजतो चक्रीवादळ आलं की! घरी राहिलेली सगळी माणसं पोराबाळांना, कुत्र्यांना घेऊन तळघरात जाऊन बसली, अंधार पडेपर्यंत!

अन् मी एकटा ओरडतोय, "अहो फाऊल आहे! गुण गेला! लाज आहे ही!" ऐकतंय कोण!

सामना कसाबसा जिंकला, नशीब. रात्री कोल्बीचा फोन. "मामा, मान खाली गेली रे. कोच म्हणाला, 'स्विटाक, एक झाला. मी मोजतो. पुढच्या रविवारी शून्य. बूट घेऊन ये.'" म्हणजे ठेवलंय हो! ठेवलंय त्याला! मी म्हटलं, वेड्या, खाली वाकून उभा राहा, फार लवकर वर उठतोस तू! तर तिकडून हळूच विचारतो, "आईनं बघितलं का रे ते? फार वाईट वाटलं असेल ना तिला?"

आता काय सांगणार या पोराला? तेव्हापासून दर रविवारी मार्सी चर्चमध्ये पहिल्या रांगेत गुडघे टेकते आणि अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशी प्रार्थना करते, "देवा, टीम जिंकू दे, माझं पोर धडधाकट राहू दे, आणि छोटासा... अगदी छोटासा का होईना, एक फाऊल होऊ दे!" आणि मी, ज्यानं जन्मभर पोरांना नाव निघू देऊ नका म्हणून शिकवलं, तो मी तिच्या शेजारी बसून दात ओठ खातो, छताकडे बघतो... आणि सगळ्यांबरोबर 'आमेन' म्हणतो.