शेठजींची दुपारची झोप

आमच्या कापसाच्या जिनिंगमधल्या मेश्राम मॅडमची हिंमत आपल्यापैकी कोणातच नाई, सांगून ठेवतो. माणूस सुटीवर गेला, की शेठजी त्याच्या घरी फोन करणार म्हणजे करणारच. तेव्हा ऑफिसात ई-मेलची सोय नवीनच आली होती. मॅडमनं सुटीवर जाताना त्यात आपोआप जाणारं उत्तर लावून ठेवलं: 'मी सुटीवर आहे. तातडीचं काम असल्यास शेठजींना दुपारी जेवणानंतर घरी फोन करावा.' खाली नंबर.

ती शेठजींची झोपायची वेळ! दोन दिवसांतच शेठजींनी भर ऑफिसातून, स्पीकर चालू ठेवून मॅडमला फोन लावला. "मॅडम, असं काऊन लिहिलं? व्यापारी मले झोपूच देऊन नाई राह्यले!"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "शेठजी, मी बी आत्ता झोपलीच होती."