बाटलीतला पांढरा धागा

रेवदंड्याहून निघालेल्या रिक्षात चालक धनेशच्या मागे वाडीवाल्या तुळशीकाकी आणि वांग्याच्या रोगावर संशोधन करणाऱ्या मॅडम बसल्या होत्या. मॅडमनी काकींच्या वाडीत नुकतंच कापलेलं वांग्याचं खोड पाण्याच्या बाटलीत धरलं होतं. धनेशची नजर आरशातून बाटलीवरच होती. त्याच्याही परसात वांगीच होती.

"मॅडम, ह्यातून दुधासारखा धागा उतरतोय," काकी म्हणाल्या.

"जिवाणू आहेत, काकी."

"पण झाड हिरवंगार हाय! तुमचंच वाण, मर रोग न लागणारं."

"तेच वाईट. स्वतः मरत नाही, रोग पोटात बाळगतं. शेजारची गावठी वांगी मरतात, आणि माती वर्षानुवर्षं नासते."

"अगो बाई!"

"रोपं कुणाला दिली नाहीत ना? चाचणी संपेपर्यंत थांबा म्हटलं होतं."

"इकली न्हाईत."

"दिली का?"

"पहिली रोपं लेकीच्या ओटीत घालायची आमच्या घरची रीत हाय. मुरुडला दिली. मुळाच्या मातीसकट."

"आत्ता फोन लावा. उपटून जाळायला सांगा."

"सकाळीच बोलली माझ्याशी. म्हणली, आई, रोपं लई होती, आळीतल्या सगळ्या सवाष्णींच्या ओटीत घातली."