सातव्या फेरीचा ठोका

माझा ढोल चुकतो, असं मला आयुष्यात एकदाच ऐकावं लागलं, तेही लॅपटॉपकडून.

आमच्या हिर्डोशीच्या गजी नाचाचा ढोल पुण्याच्या कॉलेजात शिकवायचा, म्हणून नात सुमन तो कॉम्प्युटरवर उतरवत होती. मी वाजवायचं, तिने ठोक्यांची चिन्हं मांडायची. सातव्या फेरीला ती थांबली.

"आबा, हितं तुमी ठोका उशिरा मारता. मापात बसंना. सरळ करून टाकू?"

"हात लावू नगंस. चाळीस वर्सं असाच वाजवतोय म्या."

"मग थांबता कशाला?"

"तिथं नाचणारे मागं वळत्यात. त्यातल्या सखाराम अण्णाचा गुडघा तरणेपणापासनं धरतो. त्यो वळला की ठोका."

ती हसली नाही, हे बरं केलं. तिने ठोक्यावर अर्धगोल काढला, त्याखाली टिंब. म्हणाली, "ह्याचा अर्थ थांबा. पण किती, ते कॉम्प्युटर ठरवतो."

तिने बटण दाबलं. कॉम्प्युटर जरासा थांबला आणि लगेच वाजला.

"पडला बघ अण्णा," मी म्हणालो.

मग तिने चिन्हावर लिहिलं, 'सखाराम अण्णा वळेपर्यंत थांबावे.' माझा ठोका बरोबर ठरला. तो छापील कागद मी देवळासमोर सगळ्यांना दाखवला, तिथं मात्र चुकलो. कागदावर नाव पाहिल्यापासून अण्णा दुप्पट सावकाश वळतो. घाई कर म्हटलं की म्हणतो, "कागदात काय लिवलंय? थांब की मग!"