उंबरपाड्याच्या विहिरीचं पाणी

मंडळी,

बसून घ्या. उन्हात आहेत त्यांनी चिंचेखाली सरकावं, जागा आहे. उंबरपाड्याहून आलेल्यांनी मागे उभं राहू नये. लखमाभाऊ, तुम्ही पुढे या. तुम्ही समोर असाल तरच मला आज बोलता येईल, आणि तुम्ही समोर आहात म्हणूनच बोलणं जड जाणार आहे.

आपल्या तांबटआळीचे उस्मानचाचा कल्हईवाले गेल्या मंगळवारी आपल्याला सोडून गेले. मी शाळामास्तर. बोलणं हाच माझा धंदा. माझ्या आधी चौघे बोलले. चौघांनी चाचांच्या हातच्या कल्हईचं कौतुक केलं. ते खरंच आहे. त्यांनी कल्हई केलेल्या पातेल्यात माणसाला आपलं तोंड दिसायचं. चाचा म्हणायचे, "आपलं तोंड कसं आहे ते रोज दिसलं ना मास्तर, तर माणूस दुसऱ्याच्या तोंडाला कमी लागतो." आपल्या आळीत याचा काही उपयोग झाल्याचं मला दिसलं नाही. पण चाचांनी प्रयत्न सोडला नाही.

मी कल्हईबद्दल बोलणार नाही. मला पाटीबद्दल बोलायचं आहे.

मोखाड्याकडून जे पाहुणे आले आहेत त्यांच्यासाठी सांगतो. या चिंचेच्या बुंध्याला ही काळी फळी टांगलेली दिसते ना, ती आमच्या आळीची पाटी. वर्षातून चार वेळा तिच्यावर बातमी लागते. होळीला, मृगाला, दसऱ्याला आणि संक्रांतीला. बातमी चाचांची, अक्षर माझं. चाचांना अक्षर येत नव्हतं. सही म्हणून ते कोळशाने एक गोल काढायचे आणि सांगायचे, "हे माझं पातेलं."

दिवाळी झाली की चाचा तट्टावर भाता, कथील, नवसागर लादून निघायचे. मोखाडा, सूर्यमाळ, इकडे दाभोसा, मधले सगळे पाडे. पाऊस लागेपर्यंत त्यांची ये-जा चालायची. घरोघरी भांडं हातात घेताना ते चार गोष्टी ऐकायचे आणि इथे आले की सगळी आळी त्यांना घेरायची. एकदा ते वैतागून शाळेत आले. म्हणाले, "मास्तर, एकच गोष्ट पन्नास घरी सांगून माझा गळा फाटक्या भात्यासारखा वाजायला लागलाय. तुम्ही एकदा लिहून टाका. ज्याला हवी तो वाचेल, नाहीतर वाचून घेईल." तिथून पाटी सुरू झाली.

काय असायचं पाटीवर? सूर्यमाळच्या पाड्यांवर पाणी आटलं आहे, तिकडे पाहुणे म्हणून जाणाऱ्यांनी आपलं पाणी बरोबर न्यावं. दाभोश्याचा नवा तांदूळ आला, पण अजून ओला आहे, आठ दिवस थांबा. घाटात तिसऱ्या वळणावर दरड आहे, गाडी नेऊ नये. आळीचा पाळणा कासारांकडून मोकळा झाला, ज्यांना हवा त्यांनी सांगावं. ही पाळण्याची बातमी लागली की आयाबाया पाटीकडे कमी आणि एकमेकींकडे जास्त बघायच्या.

हसा. चाचांच्या सभेत हसलं तर चालतं.

जव्हारच्या राजवाड्यावर मुंबईची वर्तमानपत्रं येतात. चार दिवसांची शिळी असतात, आणि त्यांत आपल्या आळीबद्दल एक ओळ नसते. पण दरबारातले कारकून कचेरीतून घरी जाताना वाट वाकडी करून इथे येतात, आणि घाटाचं काय, तांदळाचं काय, हे आपल्या पाटीवर वाचून जातात. हे मी स्वतः पाहिलं आहे. साऱ्या जव्हारात अशी पाटी दुसरी नाही. ती एका निरक्षर माणसाने उभी केली. याचा अभिमान तुम्हालाही असेल. मला तर इतका आहे की पुण्याला भावाकडे गेलो तरी मी तोच विषय काढतो आणि वहिनी पानं घ्यायला उठतात.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो.

बारा वर्षांपूर्वीची होळीची पाटी. जुन्या माणसांना आठवते. लखमाभाऊंना तर आठवतेच.

त्या वर्षी उंबरपाड्याजवळ नवी विहीर खणली जात होती. पाणी लागेल, पाणी लागेल म्हणून सगळे डोळे लावून बसले होते. चाचा तिकडून आले ते घाईत. त्यांना लगेच सूर्यमाळकडे निघायचं होतं. तट्टू बाहेर उभं. मी शाळेत फळीवर लिहीत होतो, ते उभ्याउभ्या सांगत होते. शेवटी म्हणाले, "आणि लिहा, उंबरपाड्याच्या विहिरीचं पाणी लागलं."

मी तेव्हा पुण्याहून आलो त्याला दोनच वर्षं झाली होती. व्याकरण नाकावर बसलेलं. मी म्हणालो, "चाचा, विहिरीचं पाणी लागत नाही. विहिरीला पाणी लागतं."

चाचा म्हणाले, "तेच हो मास्तर, लिहा. तुम्ही शिकलेले." आणि निघाले.

मंडळी, तुम्ही इथली माणसं. तुम्हाला कळलं असेल. आमच्या पुण्याकडे पाणी बाधतं. इथे पाणी लागतं. चाचा सांगत होते की नव्या विहिरीत जे पाणी झिरपलंय ते पिऊन खणायला आलेली बाहेरची माणसं आजारी पडली, ते पाणी कुणी पिऊ नये. आणि मी सुंदर, वळणदार अक्षरात लिहिलं, उंबरपाड्याच्या विहिरीला पाणी लागलं. वर एक फूलही काढलं. आनंदाची बातमी म्हणून.

एक अक्षर. 'चं'च्या जागी 'ला'.

बाजारच्या दिवशी ती ओळ इथे मोठ्याने वाचली गेली. लखमाभाऊ मीठ घ्यायला आले होते. त्यांनी ऐकली. घरी गेले, हंडे घेतले आणि बायकोपोरांसह त्या विहिरीवर गेले. त्यांच्या मागून पाड्यातली चार घरं गेली. सगळ्यांना जुलाब, ताप. लखमाभाऊंची जनी चार वर्षांची होती. चार दिवस ती हाताला लागेल की नाही, कुणाला सांगता येत नव्हतं. जनी वाचली. ती पाहा, आईजवळ बसली आहे. पण ते चार दिवस तिच्या आईने कसे काढले, ते मी विचारायला गेलो नाही. माझं धाडस झालं नाही.

चाचांना वाटेत बातमी कळली. ते तिथूनच उलट फिरले. आधी विहिरीवर गेले, करवंदीच्या काट्यांनी तिचं तोंड बंद केलं आणि तीन दिवस भर उन्हात तिथे उभे राहून एकेकाला परत पाठवलं. मग शाळेत आले. शाळा सुटली होती. मी फळा पुसत होतो. मी म्हणालो, "चाचा, चूक माझी आहे. उद्या बाजारात सगळ्यांसमोर सांगतो."

ते बाकावर बसले. मग विचारलं, "पाड्यांवरची पोरं किती येतात हो तुमच्याकडे?"

मी म्हणालो, "हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तीही या वर्षीच यायला लागली."

तेव्हा चाचा जे म्हणाले ते मी जसंच्या तसं सांगतो, व्याकरण न सुधारता. "मास्तर, माझ्यावरचा इमान गेला तर माझी कल्हई जाईल. कल्हई काय, फिरून चढवता येते. पण अक्षरावरचा इमान गेला, अक्षर खोटं बोलतं असं यांना वाटलं, तर ही पोरं जातील. ती फिरून येणार नाय. तुम्ही गप बसायचं."

दुसऱ्या दिवशी बाजार होता. या चिंचेखाली उभे राहून चाचांनी सांगितलं, "बातमी माझी, चूक माझी. मीच उलटं सांगितलं." लखमाभाऊ समोर होते. ते म्हणाले, "पाटीवं पानी लागला असा वाचून दाखवला, म्हनून गेलू. माझी पोर मरती ना, चाचा." चाचांनी मान खाली घातली. मी शेजारीच उभा होतो. माझ्या बोटांना खडू लागलेला होता.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. दोन हंगाम उंबरपाड्याने आणि आजूबाजूच्या पाड्यांनी चाचांना एक भांडं दिलं नाही. तट्टू विकावं लागलं. भाता खांद्यावर घेऊन ते लांबलांबच्या गावांना पायी जायला लागले. आणि आळीने त्यांना नाव ठेवलं, उलटे चाचा. आज इथे डोळे पुसणाऱ्यांपैकी काहींनी ते नाव वापरलेलं आहे. मी नावं घेत नाही. मला तो अधिकारच नाही.

पण चाचा खचले का? त्याच मृगाला ते परत पाटीपाशी हजर. म्हणाले, "आता नवी रीत." तेव्हापासून आपली रीत ठरली. पाटी टांगण्याआधी मी वाचायची. मग पाड्यावरच्या एका माणसाने, त्याला काय समजलं ते त्याच्या बोलीत सांगायचं. दोन्हींचा मेळ बसला तरच पाटी चिंचेला. नाहीतर पुसा. माझी कितीतरी देखणी वाक्यं या रीतीने पुसली गेली. लखमाभाऊ दोन वर्षं आले नाहीत. तिसऱ्या वर्षी आले, ऐकलं, आणि म्हणाले, "हां, असाच." त्या दिवशी चाचांनी आळीभर चहा पाजला. का पाजला ते कुणाला कळलं नव्हतं. आज कळेल.

त्या मृगापासून परवाच्या मृगापर्यंत आपल्या पाटीवर एक ओळ चुकीची लागली नाही. तापाच्या साथीच्या वर्षी कुठल्या विहिरीचं पाणी उकळायचं, कुठलं टाळायचं, हे या फळीने सांगितलं आणि लोकांनी ऐकलं. आळीतही कुणी दगावलं नाही, उंबरपाड्यातही नाही. हे त्या रीतीने केलं, आणि रीत चाचांची.

तुम्ही विचाराल, मास्तर, मग एवढी वर्षं तुम्ही गप्प का? पहिलं वर्ष चाचांनी बसवलं. पुढची अकरा वर्षं मी स्वतः बसलो. आधी भीती होती, मग तिची सवय झाली. मी दर सणाला पाटी लिहीत राहिलो, लोक माझ्या अक्षराची वाहवा करत राहिले, आणि मी ती घेत राहिलो. यापेक्षा जास्त मला काही सांगता येत नाही.

आज सकाळी मी चाचींकडे गेलो. दाराबाहेर उभा राहून सगळं सांगितलं, आणि सभेत बोलायची परवानगी मागितली. चाची आतून म्हणाल्या, "मला पहिल्या दिवसापासून माहीत हाय. बारा वर्षं लागली होय मास्तर? एवढ्या वेळात गावच्या भांड्यांना दहादा कल्हई झाली असती." मग म्हणाल्या, "बोला. पण रडू नका. ते रडणाऱ्याला समोरून लवकर उठवायचे."

चाचांना जी धास्ती होती ती आता उरलेली नाही. पाड्यांवरची जी पोरं तेव्हा टिकली, ती आज बाप्ये झाली आहेत आणि धाकट्यांना स्वतः शाळेत आणून सोडतात. अक्षर चुकलं तर अक्षर खोटं, असं ती म्हणणार नाहीत. मास्तर चुकला, असं म्हणतील. तेवढं शहाणपण त्यांना आलं आहे, आणि त्याची किंमत एका कल्हईवाल्याने भरली आहे. असा माणूस आपल्या आळीत राहत होता. दुसऱ्या कुठल्या आळीला हे सांगता येत असेल तर त्यांनी येऊन सांगावं.

यंदाची दसऱ्याची पाटी लागली नाही. ती आज लावायची आहे. भात कापणीच्या, वाटेच्या, पाळण्याच्या बातम्या खाली येतील. पहिली ओळ मी लिहून आणली आहे. नेहमीच्या रीतीने वाचतो.

"बारा वर्षांपूर्वीच्या होळीच्या पाटीवर उंबरपाड्याच्या विहिरीबद्दल चुकीची ओळ लागली होती. उस्मानचाचांनी बरोबर सांगितलं होतं. मास्तरांनी चूक लिहिलं."

लखमाभाऊ, रीतीप्रमाणे आता तुमची पाळी. तुम्हाला काय समजलं ते तुमच्या बोलीत सांगायचं आहे. आत्ता नको. आधी आपण सगळे उभे राहू, मग तुम्हाला मला जे बोलायचं असेल ते बोला. मी कुठे जाणार नाही.

मंडळी, उठा.

उस्मानचाचा, माझा सलाम घ्या. तुम्ही माझ्यासाठी बारा वर्षं गप्प राहिलात. आम्ही आता तुमच्यासाठी दोन मिनिटं राहतो.